हलगीमागं चालणारे सर

मला कंपवात आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण दीड वर्ष मी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्या लपवालपवीनं मला आजारापेक्षा जास्त दमवलं. ज्यांच्या घरी हा पाहुणा नुकताच आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती तुमच्या डॉक्टरांना माहीत आहेत. मी फक्त माझं सांगतो. मी कसा थांबलो, कसा परत चालायला लागलो, आणि मधल्या काळात केजमध्ये एकदा मेलो कसा, तेही सांगतो.

आधी थोडं माझ्याविषयी. मी शिरूर कासार तालुक्यातला. वडील मेंढरं वळायचे. आई-वडील दोघांनाही सही येत नव्हती. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. बी.ए., बी.एड. हे मी कुठंही सांगतो, तसं इथंही सांगतो. पुढं केजला शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तिथंच घर बांधलं आणि तिथंच निवृत्त झालो.

चालणं हा आमचा पिढीजात धंदा. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. किती चाललो हे त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांना ते विशेष वाटतच नव्हतं. अशा बापाच्या लेकाचे पाय घरातल्या घरात थांबावेत, याला काय म्हणावं?

मुंग्या

सुरुवात पायांनी झाली नाही, अक्षरानं झाली.

आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न असलं की पत्रिकांवरची नावं घालायला माझ्याकडं यायचे. माझं अक्षर चांगलं, हे मी नाही, गल्ली म्हणते. एका उन्हाळ्यात पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलो. पहिलं नाव नीट आलं. दहावं जरा बारीक आलं. तिसावं नाव मलाच वाचता येईना. माझी बायको सुमन चहा घेऊन आली, पत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "अहो, ही काय मुंग्यांची रांग लावलीय?"

मी म्हणालो, पेन खराब आहे. पेन बदलला. मुंग्या तशाच.

मग वास गेला. सुमन तव्यावर मिरच्या भाजत होती, सगळं घर खोकत होतं, आणि मी पेपर वाचत बसलेलो. मग उजवा हात. चालताना तो हलायचाच बंद झाला, कुणी अंगाला शिवून टाकल्यासारखा. शेवटी बसल्या जागी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागली, जशी तंबाखू मळतोय. मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं धाडलं. त्यांनी सगळी तपासणी केली आणि म्हणाले, "सर, त्या दारापर्यंत चालून या."

मी चालून आलो. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं.

सुमननं सरळ विचारलं, "बरं व्हतं का हे?"

डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. "मुळातून जात नाही, ताई. पण सांभाळता येतं. लई वर्षं सांभाळता येतं."

परतीच्या वाटेवर अंबाजोगाईच्या स्टँडवर सुमननं सीताफळं घेतली. एसटीत बसल्यावर एक माझ्या हातात दिलं. माझ्या हातात ते थरथरायला लागलं. तिनं ते परत घेतलं, फोडलं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. खिडकीतून बिया फेकत आम्ही केजला आलो. त्या दिवसातलं एवढंच मला गोड आठवतं, पण चांगलंच गोड आठवतं.

दार लावून

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती चुकीची केली. सुमनला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही.

का? पदवीचा गर्व म्हणा. ज्या चौकात लोक 'सर' म्हणून गाडीवरनं पाय खाली टेकवतात, त्या चौकात हातातला चहा बशीत सांडताना दिसायचं नव्हतं मला. मी चौकात जाणं बंद केलं. मग लग्नं बंद केली. मग गेटपर्यंत जाणंही. चेहराही ताठ होत चालला होता. मी हसलो तरी समोरच्याला कळायचं नाही, म्हणून हसणंही सोडून दिलं.

सगळ्यात वाईट म्हणजे दाराचा उंबरठा. खोलीत मी चालायचो, पण उंबरठ्याजवळ आलो की पाय जमिनीला चिकटायचे. मागं नाही, पुढं नाही. सुमन हात धरून ओढायची, मी तिच्यावर ओरडायचो. एकदा भाजीची वाटी ढकलून दिली. ती खाली बसून भाजी गोळा करत राहिली, आणि वर न बघता म्हणाली, "आजार तुमच्या अंगात हाय. पर ऱ्हातो ह्या घरात. मला झालेला दिसत न्हाई का तुमाला?"

एकतीस वर्षांत एकाही पोरानं मला असा प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर आठ दिवसांनी न्हाणीघराच्या उंबरठ्यावर पाय अडकला आणि मी आडवा झालो. कपाळाला सहा टाके पडले. सुमननं रिक्षा बोलावली, पुण्याला असलेल्या आमच्या मुलाला आणि माझ्या बहिणीला फोन केला आणि शपथ मोडली. बरं केलं.

वरात

लातूरच्या दवाखान्यात मी सात दिवस होतो. टाके निमित्ताला. खरं काम होतं गोळ्यांच्या वेळा बसवण्याचं. पहाटे फरशी पुसणारीच्या बादलीचा आवाज, मग थर्मामीटर, मग पहिली गोळी, मग चहा. दिवसभर घड्याळ आणि गोळी. शेजारच्या खाटेवर घाटनांदूरचे एक आजोबा होते. ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "तुमचं काय?" मी पहिल्या दिवशी म्हणालो, "कपाळ फुटलं." दुसऱ्या दिवशी परत विचारलं. म्हणालो, "कंपवात." ते म्हणाले, "बरं. माझं मूत्रपिंड." आणि भाकरीचा तुकडा पुढं केला. पहिल्यांदा परक्या माणसाला सांगितलं, आणि काहीच झालं नाही. छत होतं तिथंच राहिलं.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, शिल्पा मॅडम. वय माझ्या मुलाएवढं, पण पेशंटला सोडत नसे. मला दारातून बाहेर काढायचं तिनं मनावर घेतलं होतं.

"सर, एक-दोन, एक-दोन म्हणत चाला."

मी शाळेच्या मैदानावर हजारो पोरांना एक-दोन करायला लावलंय. माझे स्वतःचे पाय काही ऐकेनात. मॅडमनं मोबाईलवर टक-टक लावून दिली. घड्याळजीच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं, पाय ढिम्म.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही असेच दारात अडकलेलो असताना खालच्या रस्त्यानं वरात आली. पुढं हलगी. खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. आणि माझा डावा पाय उचलला. मी उचलला नाही, तो उचलला. मग उजवा. मी दाराबाहेर, मग व्हरांड्यात, मग पार जिन्यापर्यंत. सुमन तोंडावर पदर घेऊन मागं, मॅडम बाजूला, आणि घाटनांदूरचे आजोबा खाटेवरून ओरडतायत, "अहो, नवरा चालला! धरा त्याला!"

वरात लांब गेली, तसा मी थांबलो.

मॅडमनं मला खुर्चीत बसवून सांगितलं. मला समजलं ते असं. आपल्या डोक्यात एक वाजवणारा असतो. तो ठेका देतो, म्हणून न सांगता पाऊल पडतं. या आजारात तो झोपाळू होतो. पण बाहेरून कुणी चांगला ठेका दिला, तर पाय त्याच्या तालावर चालायला तयार असतात. "आवडीचं, ओळखीचं वाजवणं पाहिजे, सर. मोबाईलची टकटक तुमच्या ओळखीची नाही. घरी वाजवणारं कुणी हाय का?"

सुमन लगेच म्हणाली, "हाय की. ह्यांचाच इद्यार्थी हाय."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

तिसरा बाक

भागवत. आता पन्नाशीचा. केजमध्ये हलगीचं पथक चालवतो, लग्नं, मिरवणुका, सगळीकडं त्याला मागणी.

मी नोकरीला लागलो त्या काळात तो माझ्या वर्गात होता. शेवटच्या रांगेत, डावीकडून तिसरा बाक. मी फळ्याकडं पाठ... नाही, वर्गाकडं पाठ केली की त्या बाकावर बोटं सुरू. नद्यांची नावं लिहितोय आणि मागून ठेका. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारायचो आणि बाकावर उभं करायचो. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "बाक बडवून पोट भरतं का रे?" नववीत त्यानं शाळा सोडली. माझ्यामुळं सोडली असं तो कधीच म्हणाला नाही. रस्त्यात दिसला की वाकून नमस्कार करायचा, आणि प्रत्येक वेळी मला त्याची बोटं दिसायची.

त्याच्या दारात मी कसा जाणार? घरी येऊन पंधरा दिवस मी तो विषय काढू दिला नाही.

मग बहिणीचा फोन आला. मंदा माझ्याहून बारा वर्षांनी लहान, शिरूरकडंच दिलेली. तिची मुलगी पल्लवी आमच्या घरात राहून शिकली. आमच्या नात्यागोत्यातली पहिली एम.एस्सी. ती. म्हणजे मला मागं टाकलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. तिचं लग्न ठरलं होतं. अंतरपाट धरला की नवरीला मामानं आणायचं असतं, आणि तिचा सख्खा मामा मी एकटाच.

मंदा म्हणाली, "दादा, राग मानू नकू. पल्लवीला रामदास आणील. तुला तरास नको."

रामदास आमचा चुलतभाऊ. चांगला माणूस. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दिवशी जेवलो नाही. मी जिवंत असताना माझ्या जागेवर दुसरा माणूस उभा केला होता, आणि तोही प्रेमानं.

सुमननं ताट उचलताना भिंतीकडं बोट दाखवलं. "ती पदवी टांगलीय ना, ती चालून पल्लवीला आणणार हाय का? का मी जाऊ भागवतकडं?"

"जा," मी म्हणालो.

माझा मृत्यू

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भागवत हजर. मी काही बोलणार एवढ्यात तो पाया पडला, अंगणात दोन कागद पेटवले आणि हलगी शेकायला बसला. चामडं तापलं की आवाज खणखणीत निघतो.

मी सांगून ठेवलं, गेट बंद पाहिजे. कुणाला दिसता कामा नये.

"सर, कितपत वाजवू?"

"हळू. लई हळू. मला झेपेल असं."

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, अंदाज घेतला आणि धरला ठेका. संथ, जड, एकेक घाव सुटा सुटा. माझे पाय उचलले. उंबरठा ओलांडला. अंगणात एक फेरी झाली, दोन झाल्या. सुमन पायरीवर बसून डोळे पुसत होती. मला एवढा आनंद झाला की मी डोळे मिटून चालत होतो.

एवढ्यात गेट वाजलं. सुमननं उघडलं तर दगडूआप्पा. आमचे शेजारी, एसटीचे निवृत्त कंडक्टर. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, डोळे ओले. मागं गल्लीतली सात-आठ माणसं, एकाचा फोन कानाला, बायका पदर सावरत. एकीनं सुमनला मिठी मारून हंबरडा फोडला.

सुमन म्हणाली, "अगं काय झालं? कोण गेलं?"

दगडूआप्पा म्हणाले, "वहिनी, धीर धरा. सर कवा गेले?"

तेवढ्यात मी अंगणाच्या कोपऱ्यातून वळून समोर आलो.

आता सांगायला पाहिजे. आमच्याकडं पिकलं पान गळालं, म्हणजे म्हातारं माणूस भरल्या वयात गेलं, की त्याला वाजवत नेतात. त्याचा ठेका ठरलेला आहे. संथ, जड, सुटा. लहान पोरालाही कळतो. त्यात मी दीड वर्ष कुणाला दिसलो नव्हतो, पंधरा-वीस दिवसांपूर्वी दवाखान्यातून आलेला, आणि बंद गेटाच्या आतून सकाळी सातला तो ठेका. माणसं दुसरं काय समजणार?

"सर," आप्पा हळूच म्हणाले, "तुमी हायत?"

"हाय की."

"मग वाजतंय कावून?"

"मी चालतोय म्हणून."

आप्पा भागवतकडं वळले. "बे भागवत, जित्या माणसाला कुठली चाल लावतो बे?"

भागवतचा चेहरा उतरला. "आप्पा, सर हळू म्हणले. आमच्याकडं हळू एवढी एकच हाय."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. बहुतेक सुमन. मग आप्पा पायरीवर बसले आणि उपरणं तोंडावर घेऊन हसले. हंबरडा फोडणारी बाईही हसली, डोळ्यांतलं पाणी तसंच. मीही हसलो, आणि सुमन नंतर म्हणाली की चेहऱ्यावर दिसलं. एक माणूस मात्र हसला नाही. त्यानं तिरडीसाठी बांबूची चौकशी करून ठेवली होती, आता बांबूवाल्याला नको म्हणून कळवायचं होतं.

दुपारपर्यंत शिरूरहून फोन. मंदा रडत होती, "दादा, खरंच तूच बोलतू का?" मग पल्लवीनं फोन घेतला. "मामा, माझ्या लग्नाआधी असलं काही करायचं न्हाई, सांगून ठेवते. आन् ऐका, मला तुमीच आणायचं. न्हाईतर अंतरपाट धरून बसा म्हणावं सगळ्यांना, मी खोलीतच ऱ्हाते."

मी त्या दिवशी सगळ्यांना आजाराचं नाव सांगितलं. लपवायला उरलंच काय होतं? एकदा मेलेल्या माणसाला लाज कसली!

केज ते बीड

दुसऱ्या दिवसापासून गेट उघडं आणि ठेका वरातीचा. भागवत पुढं, मी मागं, अंगणातून गल्ली, गल्लीतून रस्ता. लग्नाला चाळीस दिवस होते.

तिसऱ्या दिवशी दगडूआप्पा सामील झाले. म्हणाले, गुडघे धरलेत. मग सुमनच्या दोन मैत्रिणी. मग एक जण फक्त गंमत बघायला आला आणि रोज यायला लागला. सगळे साठीच्या पुढचे. हलगी सुरू झाली की गुडघे धरलेला माणूस गुडघे विसरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझा आवाज बारीक झाला होता. शिल्पा मॅडमनं फोनवर सांगितलं होतं, मोठ्यानं बोला, तालात बोला. आप्पांनी त्यावर उपाय काढला. हलगीच्या ठेक्यावर ते कंडक्टरसारखे ओरडायचे, "चला केज! केज!" आणि आम्ही सगळ्यांनी पुढचे थांबे म्हणायचे, "नेकनूर! मांजरसुंबा! पाली! बीड!" शेवटच्या 'बीड'ला श्वास पुरेपर्यंत ओढायचं. भूगोलाच्या मास्तराला याहून चांगलं गाणं कुठलं? पहिल्या आठवड्यात माझा आवाज नेकनूरलाच बसायचा. महिन्याभरात बीडला पोचला.

एक खरं सांगतो, म्हणजे कुणी फसायला नको. हलगीनं कंपवात जात नाही. गोळी वेळेवर घेतली नाही तर भागवत काय आणि त्याचं अख्खं पथक काय, पाय हलत नाहीत. वाईट दिवसही आले. दोन दिवस तर मी खाटेवरून उठलो नाही. भागवत अंगणात बसून नुसता हळूहळू वाजवत राहिला, आणि जाताना म्हणाला, "सर, पाय न्हाई तर न्हाई, मान तर हलली तुमची." पण झोप परत आली. भूक परत आली. सुमनवर ओरडणं थांबलं. आणि सकाळी सात वाजायची वाट बघायला लागलो. म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला काहीतरी लागतं.

त्या चाळीस दिवसांत मी भागवतला पट्टीबद्दल बोलीन बोलीन म्हणत होतो. एकदा रस्त्यात थांबून सुरुवात केली, "भागवत, तुला शाळेत मी..." तो म्हणाला, "सर, थांबू नका, पाय चिकटतील," आणि वाजवायला लागला.

बारा पावलं

लग्न केजजवळच्या मंगल कार्यालयात होतं. अडचण एकच होती. मंगलाष्टकं सुरू असताना वाजंत्री बंद असते. म्हणून आम्ही बेत केला. नवरीच्या खोलीपासून पाटापर्यंत भागवत वाजवत राहणार, मी पल्लवीला घेऊन पोचणार, आणि मग गुरुजी माईक हातात घेणार. आठवडाभर पल्लवी येऊन माझ्याबरोबर अंगणात चालत होती. रामदासलाही सांगितलं होतं, पुढच्या रांगेत बस, वेळ पडली तर लागशील.

पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." हलगी सुरू झाली. खोलीचा उंबरठा ओलांडला. हिरवा चुडा भरलेला पल्लवीचा हात माझ्या हातात. अर्धा मांडव पार केला. तिथं हिरवी चटई संपून तांबडा गालिचा सुरू होत होता, आणि नेमकं तिथं पोचलो तेव्हा गुरुजींनी मुहूर्त टळतोय म्हणून माईक घेतला आणि म्हणायला सुरुवात केली.

हलगी मध्येच थांबली. मी गालिच्याच्या काठावर उभा. पाय चिकटले.

पाट बारा पावलांवर असेल. आठशे माणसं हातात अक्षता घेऊन माझ्याकडं बघतायत. तिकडं पहिलं मंगलाष्टक चालू. सुमन तोंडावर हात धरून उभी. पुढच्या रांगेतून रामदास उठला. त्याच्या चेहऱ्यावर माया होती, तीच मला सहन होईना. मी मनात नेकनूर, मांजरसुंबा म्हणून बघितलं. काही नाही.

पल्लवी मुंडावळ्यांच्या आडून म्हणाली, "मामा, निवांत. तो अंतरपाट काय पळून चाललाय का?"

रामदास दोन पावलांवर आला होता. तेवढ्यात मागून आवाज आला. बारीक. मंगलाष्टकांच्या खाली, फक्त जवळच्यांना ऐकू येईल एवढा. हलगीचा नव्हता. कोरड्या लाकडावर बोटांचा ठेका.

तो आवाज मी कुठंही ओळखला असता. शेवटची रांग, डावीकडून तिसरा बाक.

भागवतनं हलगी खाली ठेवली होती, आणि मांडवातल्या एका खुर्चीमागं गुडघ्यावर बसून तो तिच्या लाकडी पाठीवर बोटं वाजवत होता. ज्या बोटांवर मी पट्टी मारली, तीच बोटं. डावा पाय उचलला. मग उजवा. रामदास हसून बाजूला झाला. एक, दोन, बारा. पोरीला पाटावर उभं केलं आणि मी तिच्या मागं मामाच्या जागेवर उभा राहिलो. अक्षता टाकताना माझा हात थरथरत होता, पण त्या कामाला तो हात फार उपयोगी आहे. अक्षता सगळीकडं सारख्या पडतात.

शेवटचं सावधान झालं, टाळ्या झाल्या, माणसं भेटायला आली. मंदा गळ्यात पडली. मी तिला बाजूला करून भागवतला शोधलं. तो अजून त्याच खुर्चीजवळ उभा होता, हलगी गळ्यात अडकवत. मला येताना बघून त्यानं मान खाली घातली. वर्गात घालायचा तशीच.

"सर, मंगलाष्टकं चालू असताना वाजवलं. चुकलं माझं." डोळे मात्र हसत होते. "बाकावर उभा राहू का?"

इतकी वर्षं जे बोलायचं होतं, ते बोलायला मला एवढीच वाट पाहिजे होती.

"राहा," मी म्हणालो. "या खुर्चीवर उभा राहा. सगळ्यांना दिसू दे कोण वाजवत होतं."

तो चढला. हलगीवर पहिला घाव पडला. माझे पाय माझ्या आधी निघाले होते.